चष्मेवाला आणि गिअरचे दोन स्क्रू

चढावर गिअर निसटला, पाय हवेतच गरकन फिरला आणि तिची सायकल थांबली ती नेमकी चष्म्याच्या दुकानासमोर. आतून एक उंच तरुण बाहेर आला. हातात बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर.

“गिअर दगा देतोय वाटतं… बघू का?”

तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. इकडे बिघाड व्हावा आणि तिकडून हा हत्यारासकट उगवावा? पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर काचपट्टीवर रोगजंतू शोधणाऱ्या मुलीला असले योगायोग पटत नाहीत. घरी आई तिला ‘शंकासुर’ म्हणायची ते उगाच नाही.

पण कामावर उशीर होत होता. “बघा,” ती म्हणाली.

त्याने मागच्या गिअरचे दोन बारीक स्क्रू पिळले. “झालं!”

दुसऱ्याच दिवशी पुन्हा खडखड. ती जाब विचारायला गेली, तर हा म्हणतो, “इथे जागा नाही हो. रविवारी घरीच येऊन बघतो ना…”

घरीच? तिची भुवई वर गेली. पण घरी आईने ऐकलं आणि दुकानात परस्पर होकार कळवून टाकला.

रविवारी तो गॅलरीत सायकलपाशी उकिडवा बसला. स्क्रू पिळता पिळता त्याने मान वर केली. “तुमच्या चष्म्याची डावी काडी वाकलीय. द्या इकडे.”

तिने चष्मा काढून दिला आणि सगळी गॅलरी धूसर झाली. मग त्याने तो परत तिच्या डोळ्यांवर चढवला, कानामागे काडी हलकेच दाबली… बोट क्षणभर रेंगाळलं की तिला भास झाला? समोर त्याचे तपकिरी डोळे मात्र एकदम स्वच्छ दिसले.

चष्मा त्यानंतर नाकावरून तसूभर घसरला नाही. गिअर मात्र घसरतच राहिला, आणि तो येतच राहिला.

“अगं, रोगी बरा झाला तर वैद्याला कोण विचारणार?” लॅबमधली मैत्रीण हसत म्हणाली. “मुद्दाम बिघडवत असेल.”

तिला हसू आलं नाही. कारण हल्ली शनिवारी संध्याकाळपासूनच तिचे कान दाराच्या घंटीकडे लागलेले असायचे. म्हणजे आपण फसतोय… आणि आनंदाने फसतोय!

मग एका सकाळी साखळी लहान दातेरी चक्रावरून सटकून फ्रेममध्ये अडकली आणि ती रस्त्यावर आडवी झाली. गुडघा सोलला. आता मात्र तिचं डोकं फिरलं.

तिने मोबाईलवर व्हिडिओ बघितले, सायकलची सीट दोरीने गॅलरीच्या कडीला टांगली आणि मागच्या गिअरची लॅबच्या नजरेने तपासणी केली. दोन्ही स्क्रूंची तोंडं झिजलेली. ते फक्त साखळी दोन्ही टोकांना कुठवर जाईल ते ठरवतात. खरी गोची केबलच्या टोकाशी असलेल्या, तिचा ताण कमी-जास्त करणाऱ्या गोल फिरकीत होती, आणि तिच्यावर धुळीचा थर जसाच्या तसा! म्हणजे फिरकीला कोणी हातच लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला बोलावून घेतलं.

“मुद्दाम केलंत?”

“काय?”

“नको तिथे पिळत बसायचं, म्हणजे पुढचा रविवार पक्का! मी पडले काल…”

गुडघ्यावरची पट्टी बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “खूप लागलं का? मी… मला गिअरमधलं काहीच कळत नाही हो.”

“काय?”

“माझी सायकल साधी, बिनगिअरची. त्या दिवशी मदत करावीशी वाटली आणि हातात स्क्रूड्रायव्हर होता. दिसले ते स्क्रू पिळले. मग ‘येत नाही’ म्हणायची लाज वाटली. आणि नंतर… खरं सांगितलं तर इथे यायचं बंद होईल, असं वाटलं. पण तुम्ही पडाल असं खरंच मनात आलं नाही. चुकलंच माझं.”

इतके दिवस ती ज्याला लबाड समजत होती, तो निव्वळ ढ निघाला होता! राग कुठल्या कुठे गेला. पण ते चेहऱ्यावर दिसू द्यायला ती तयार नव्हती.

“बसा खाली. पेडल फिरवा, हळू.”

तो बसला आणि हाताने पेडल फिरवू लागला. तिने आधी स्क्रू जागेवर आणले, गिअर एक घर वर टाकला आणि फिरकी पाव फेरा फिरवली. टिकटिक… आणखी पाव. साखळी अलगद शेजारच्या चक्रावर चढली आणि आवाज थांबला. दोघांची काळी बोटं एकमेकांशेजारी होती. कोणीच हात मागे घेतला नाही.

“जमलं,” तो पडेल आवाजात म्हणाला. “म्हणजे आता यायला काही कारण उरलं नाही.”

तिने चाकाकडे बघतच विचारलं, “ब्रेक दुरुस्त करता येतात का तुला?”

‘तुला’ ऐकून तो चपापला. “अजिबात नाही.”

“मग ये रविवारी,” ती म्हणाली. “फार वेळ लागेल.”