भोपळा थांबला की

मिरजेच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी सकाळी शोकसभेला आलेली तीसेक माणसं दिवंगताच्या फोटोकडे पाठ करून बसली होती. कार्यालयाच्या व्यवस्थापकाने दोनदा येऊन नम्रपणे सांगितलं, की फोटो त्या बाजूला आहे. दोन्ही वेळा त्याला तितक्याच नम्रपणे सांगण्यात आलं, की माहीत आहे. तिसऱ्यांदा तो आला नाही. त्याच्या कानामागच्या साथीत तोवर काहीतरी अस्वस्थ वाजू लागलं असावं.

साथ आता कोणाच्या कानामागे नसते? मुगाएवढा मणी. तो कातडीला चिकटून नाडी, घाम आणि श्वास वाचतो, आसपासच्या लोकांच्या साथींशी गुपचूप सल्लामसलत करतो आणि पुढच्या काही क्षणांत काय होणार याचा अंदाज बांधून तुमच्या आयुष्याला पार्श्वसंगीत देतो. कोथिंबिरीचा भाव करताना रणवाद्यं. पगार झाला की सनई. सासरे फाटकाशी आले, की ते दिसण्याआधीच संथ नगारा. लोकांना याची इतकी सवय झाली, की तेजपाल मगदूम ज्या साथ-दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता तिथे रोज कोणीतरी केविलवाणं तोंड करून यायचं आणि म्हणायचं, बंद पडलीय हो, सकाळपासून मला काय वाटतंय तेच कळेना झालंय.

तेजपाल त्यांना धीर द्यायचा. स्वतःच्या बाबतीत मात्र त्याचा कारभार निराळा होता. लोक साथीत सिनेमातलं प्रेमसंगीत भरून घेत. त्याने मुरलीधर कुंभोजकरांच्या भयपटांचं संगीत भरून घेतलं होतं.

कुंभोजकरांनी जन्मभर भयपटच काढले. ‘आडातली मावशी’, ‘मधल्या खोलीत कोणी नाही’, ‘गॅसवर काय ठेवलंय?’. भूत दाखवायला त्यांच्याकडे कधीच पुरेसा पैसा नसे. ‘आडातली मावशी’मधल्या मावशीच्या पायात शेवटच्या प्रसंगात क्रिकेटचे बूट स्पष्ट दिसतात. पडद्याकडे पाहिलं की हसू यायचं. पण संगीत ऐकलं, की मोठमोठी माणसं बायकोचा हात धरून स्वच्छतागृहात जायची. म्हणून त्यांच्या चाहत्यांनी एक रीत पाडली. कुंभोजकरांचा सिनेमा पडद्याकडे पाठ करूनच पाहायचा. मध्येच जो मागे वळेल, त्याने वर्षभर सगळ्यांच्या चपला राखायच्या. त्यांच्या शोकसभेतही हीच रीत पाळावी असं चाहत्यांच्या मंडळाच्या बैठकीत एकमताने ठरलं. हे जरा विचित्र दिसेल, असं त्या बैठकीत एकालाही सुचलं नाही.

सभेत बोलायचं होतं तेजपालला. आणि तो घाबरलेला होता. निदान त्याची साथ तरी तसं म्हणत होती.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले. स्मशानात त्याची नाडी जोरात चालत होती, तळवे गार पडले होते, घसा आवळला होता. साथीने हे सगळं वाचलं, भीती असा निदानाचा शिक्का मारला आणि कुंभोजकरांच्या खजिन्यातली सगळ्यात नावाजलेली धून लावली. चाहते तिला नुसतं ‘भोपळा’ म्हणतात. मिरजेच्या तंतुवाद्य बनवणाऱ्यांच्या गल्लीतून टाकून दिलेला, तडा गेलेला तंबोऱ्याचा भोपळा. त्यावर ओलं बोट घासलं की निघतो तो आवाज. त्याचा अर्थ एकच: तुमच्या मागे कोणीतरी आहे. वडिलांचा देह समोर जळत असताना तेजपाल सारखा मागे वळून बघत राहिला. रडायचं राहूनच गेलं. त्याची आत्या अजूनही सणासुदीला भेटली की जिव्हाळ्याने विचारते, ‘कोण यायचं होतं रे त्या दिवशी?’

कुंभोजकरांसाठी तरी नीट रडायचं, असं त्याने ठरवलं होतं. लहानपणी वडिलांच्या शेजारी, त्यांच्यासारखीच पडद्याकडे पाठ करून, तो हे सगळे सिनेमे बघायला शिकला होता. वडील गेले तेव्हा जे जमलं नाही ते इथेही जमलं नाही, तर मग आपल्याला ते कधीच जमणार नाही, अशी त्याची पक्की खात्री झाली होती.

सभेची सुरुवात झाली. कुंभोजकरांच्या पत्नी, शकुंतलाकाकू, चाहत्यांच्या समोर खुर्चीवर बसल्या होत्या. सभागृहात फोटोकडे तोंड करून बसलेल्या त्या एकट्याच. मंडळाचे अध्यक्ष रमजान जमादार हे सतारी जुळवणारे गृहस्थ. सगळे त्यांना चाचा म्हणत. तो ऐतिहासिक भोपळा त्यांच्याच दुकानातून गेला होता, आणि ही गोष्ट त्यांनी आजवर एकाही माणसाला सांगायची बाकी ठेवली नव्हती. त्यांनी प्रास्ताविक केलं. कुंभोजकर चित्रीकरणाला कधीच वेळेवर येत नसत, वाट बघून बघून भुतांचा रंग उतरायचा, आणि त्यांची अंत्ययात्राही उशिराच निघाली, हे ऐकून लोक मान डोलावू लागले. मग एकेकाने आठवणी सांगितल्या. एकाने कुकरच्या शिट्टीची आठवण काढली. ‘गॅसवर काय ठेवलंय?’मध्ये ती इतकी सावकाश केली होती, की त्याच्या आईने पुढे आयुष्यभर वरण पातेल्यातच शिजवलं. दुसऱ्याने लोखंडी कपाटाच्या दाराचा आवाज तोंडाने काढून दाखवला. टाळ्या पडल्या.

हे सगळं चालू असताना प्रत्येक चाहत्याच्या कानामागे भोपळा वाजत होता. सगळ्यांनीच साथीत कुंभोजकर भरलेले. एकाच्या साथीने दुसऱ्याच्या साथीला विचारलं, दुसरीने तिसरीला, आणि सगळ्यांचं एकमत झालं की इथे काहीतरी भयंकर घडणार आहे. माणसं ताठ बसली होती. कोणाच्या डोळ्यात पाणी नव्हतं. सगळे जण चोरून एकमेकांकडे बघत होते, पण मागे कोणीच बघत नव्हतं.

तेजपाल जागच्या जागी उठला. बोलायला म्हणून त्याने तोंड उघडलं आणि भोपळा वाढला. जमलेल्यांना कुंभोजकरांबद्दल सांगायचं सोडून तो काकूंना म्हणाला, ‘काकू, एक विचारू? ह्या सगळ्या सिनेमांत मिळून दुःखाची एखादी धून आहे का?’

सभेत कुजबुज झाली. चाचा म्हणाले, की प्रश्न गंभीर आहे. त्यांनी मनातल्या मनात सगळे सिनेमे चाळले. दर दहा मिनिटांनी एक माणूस मरायचा. पण मेलेल्यासाठी थांबायला कोणाला वेळच नसे, कारण पुढचा मरणारा धावत असे. दुःखाची धून कोणालाच आठवेना.

‘एक होती,’ काकू म्हणाल्या.

तेव्हा त्यांनी जे सांगितलं, त्यातलं निम्मं त्या सभेत पहिल्यांदाच कळत होतं. संगीत सगळं त्याच करायच्या. घरी, स्वयंपाक करता करता. भोपळ्यावरचं बोट त्यांचंच. साथ मात्र त्यांनी कधी लावली नाही. जन्मभर दुसऱ्यांना घाबरवायला वाजवलं, आता तेच स्वतःच्या कानात वाजवून घ्यायला मी काय खुळी आहे का, असं त्यांचं म्हणणं. ‘मधल्या खोलीत कोणी नाही’मध्ये एक आई मुलाची वाट बघत बसते आणि मुलगा येत नाही, त्या प्रसंगासाठी त्यांनी धून केली होती. कुंभोजकरांनी ती कापली.

‘का?’ तेजपालने विचारलं.

‘म्हणाले, लोक रडले तर घाबरणार कोण?’ काकूंनी पदर सारखा केला. ‘त्यांचंही खरंच होतं म्हणा. धूनमध्ये काही नव्हतंच. नुसती शांतता होती. रीळभर.’

सभेतल्या माणसांना हे ऐकून घाम फुटला, आणि का फुटला ते बाहेरच्याला सांगावं लागेल. साथ बनवणाऱ्यांनी समजूत करून घेतली होती, की भोपळा वाजतो तेव्हा संकट येतं. कुंभोजकरांचा खरा चाहता जाणतो, की भोपळा वाजत असेतोवर तुम्ही सुरक्षित असता. सरपंच आडात डोकावतो, भोपळा वाजतो, काही होत नाही. भोपळा थांबतो. मग मावशी येते. एकाही सिनेमात या नियमाला अपवाद नाही.

‘ऐकायची असली तर कानामागचं काढा,’ काकू म्हणाल्या. ‘मी काही ती गाऊन दाखवणार नाही.’

कोणी हललं नाही. पोलादाच्या कारखान्यात काम केलेली, प्रपंच ओढलेली, निवडणुका लढवलेली माणसं कानामागे बोटं लावून बसून राहिली. एकाने विचारलं, की एकाच कानाची काढली तर चालेल का. साथ एकाच कानाला असते, हे त्याला शेजारच्याने समजावलं. शेवटी तेजपालने स्वतःची साथ काढली. कारण दुसरं काही उरलं नव्हतं.

मग इतरांनीही काढल्या. चाचांनी पितळी ताट फिरवलं, आरतीनंतर फिरवतात तसं, आणि सगळ्या साथी त्यात गोळा केल्या. ताट ठेवायचं होतं फोटोसमोर. चाचांनी रीत मोडली नाही. ते उलट्या पावलांनी, चाचपडत, वाटेत दोन खुर्च्या पाडून फोटोपर्यंत गेले, पाठीमागे हात करून ताट ठेवलं आणि तसेच सरळ चालत परत आले.

शांतता झाली.

पहिल्यांदा काहीच कळेना. तेजपालला छतावरचा पंखा ऐकू आला. मुदपाकखान्यात कोणीतरी पातेलं ओढलं. मग त्याला स्वतःच्या छातीतली धडधड जाणवली. तळवे गार, घसा आवळलेला. सगळं अगदी स्मशानातल्यासारखंच. या वेळी मात्र त्याला नाव द्यायला कोणी नव्हतं. त्याने स्वतःच चाचपून पाहिलं. भीती आहे का? असेल. पण भीतीला वडिलांच्या सदऱ्याचा, कापूर आणि तंबाखूचा वास येतो का? सिनेमात भोपळा थांबला, की वडील न चुकता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवत. आता गुडघ्यावर हात नव्हता. एवढीच गोष्ट होती. दोन वर्षं तीच त्याच्या मागे उभी होती आणि तो तिला इकडेतिकडे शोधत होता.

तो रडला. फार सुबकपणे नाही. नाक गळत होतं आणि आवाजही विचित्र निघत होता. एकदोघांना वाटलं, की हाही एखाद्या सिनेमातला आवाज काढून दाखवतोय. पण मग त्यांचंही तसंच झालं. चाचा उपरण्यात तोंड घालून हुंदके देऊ लागले. काकू मात्र रडत नव्हत्या. आपली जुनी धून कशी चाललीय हे तपासावं, तशा मान किंचित कलती करून ऐकत होत्या.

आणि तेवढ्यात मागून भोपळा वाजला.

ताटातून. आधी एक मणी, मग सगळे. पितळेवर तो आवाज बारीक, थरथरता येत होता. रडणं जागच्या जागी थांबलं. सगळे दुरुस्तीवाल्याकडे बघू लागले, म्हणजे तेजपालकडे. त्याने हलक्या आवाजात सांगितलं, की नाडी लागल्याशिवाय साथ वाजत नाही. कातडीपासून सुटली की गप्प होते, तशी घडणच आहे तिची. सांगून झाल्यावर आपण कोणाला धीर दिला, हे त्याला कळेना. एकाने विचारलं, ताटात कोणी हात घातलाय का. सगळ्यांनी आपापले हात पुढे करून दाखवले. सगळे हात इकडेच होते.

वळून पाहिलं असतं तर एका क्षणात उलगडा झाला असता. पण वळला तो वर्षभर चपला राखणार. शिवाय भोपळा वाजत होता, म्हणजे तूर्त सगळं सुरक्षित होतं.

मग भोपळा थांबला.

फोटोच्या बाजूला बघू शकणारं त्या सभागृहात एकच माणूस होतं. सगळ्यांनी काकूंच्या तोंडाकडे पाहिलं. काकू त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे बघत होत्या. दचकल्या नाहीत. कपाळाला आठी घातली, बाहेरून चिखलाच्या पायांनी आलेल्या घरच्या माणसाकडे बघून घालावी तशी.

‘आज तरी वेळेवर यायचं होतं की हो,’ त्या म्हणाल्या.

त्या थट्टा करत होत्या का? तेजपालने त्यांचा चेहरा निरखून पाहिला. साथ असती तर तिने सांगितलं असतं. जन्मभर लोकांना घाबरवत आलेल्या बाईच्या चेहऱ्यावरून नुसत्या डोळ्यांनी काही कळणं शक्य नव्हतं.

त्याची छाती धडधडत होती, तळवे गार होते, घसा आवळलेला होता. हेच भीतीत होतं, हेच दुःखात होतं. अंगणात कोणाची तरी वाट बघताना फाटक वाजलं, की तेव्हाही हेच होतं. आत्याचा प्रश्न त्याला आठवला. त्याने मान वळवली नाही. समोर बघतच, जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं,

‘काकू, एकटेच आलेत का?’