नाताळात सांगितलेली सुतारणीची गोष्ट

वाचनालयाच्या दारात दोघं असे अचानक समोरासमोर आले, की रामकिशनच्या हातातला वर्तमानपत्रांचा गठ्ठा पायऱ्यांवर पसरला. सलोमी उचलायला वाकली, त्याच क्षणी तोही वाकला... आणि कपाळावर कपाळ आपटलं. हिंगोलीच्या त्या वाचनालयाची पायरी तोवर एकही बाईमाणूस चढलं नव्हतं. पहिली चढली, ती अशी.

“लागलं का हो?”

“लागलं. पण चांगलं पुस्तक दिलंत तर कुणाला सांगणार नाही.”

रामकिशननं कपाळ चोळत तिच्याकडे पाहिलं. काळीसावळी, उंच, आणि डोळ्यांत झोप अपुरी राहिल्याची लाली. तरी हसत होती.

“कोणतं पायजे?”

“नाताळात वाचायचं. सुट्टीत रोज थोडं थोडं वाचता येईल, असं गोष्टीचं. तुम्हाला आवडलेलं असेल ते सांगा ना.”

सत्तेचाळीसचा डिसेंबर होता. देश स्वतंत्र झाला होता, पण हिंगोली अजून निजामाच्या हद्दीत होती. रझाकारांच्या धाकानं रोज एखादं घर दाराला कुलूप लावून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात निघून जायचं. रामकिशनची आई आणि भाऊ केव्हाच वाशीमला गेले होते. तो मागं राहिला होता वाचनालयासाठी, आणि निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या पलीकडच्या कॅम्पातले निरोप इकडे-तिकडे पोचवण्यासाठी. अशा दिवसांत ही पोरगी नाताळची गोष्ट मागत होती!

तिचंही खरं होतं. तिचे वडील याकोबराव छावणीतल्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. क्षयानं आता खाटेला खिळले होते, आणि डोळेही गेले होते. दर नाताळाला पाद्रीसाहेब एक नवं पुस्तक निवडून पाठवत, आणि सुट्टीभर सलोमी ते बापाला वाचून दाखवी. यंदा पाद्रीसाहेबच गाव सोडून गेले होते. हा नाताळ बाबांचा शेवटचा, हे तिला कळत होतं. तो गोष्टीवाचून जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

वाचनालयात नाताळचं म्हणून एक पानसुद्धा नव्हतं. पण नाही म्हणायला रामकिशनची जीभ वळेना.

“हाये ना! पण... बाहेर गेलंय.”

“कधी येईल?”

“ते काही सांगता येत न्हाई. पण मी वाचलंय. सांगू का थोडं?”

आणि तिथंच, कपाटाला टेकून, त्यानं गोष्ट सुरू केली. नाताळाबद्दल त्याला ठाऊक होतं ते एवढंच, की कुणी सुतार आपल्या गरोदर बायकोला घेऊन थंडीचा चालत निघाला होता. तेवढ्या भांडवलावर गडी असा रंगला, की सलोमी घरी जायचं विसरली.

संध्याकाळी तिनं ऐकलेलं सगळं बाबांना सांगितलं. याकोबराव डोळे मिटून ऐकत होते. मधेच त्यांनी हात वर केला.

“थांब. ही सुतारीण निघाली कुठं म्हणालीस?”

“माहेरी. पहिलं बाळंतपण ना तिचं.”

“आन् सोबत काय घेतलं?”

“डिंकाचे लाडू. सासूनं बांधून दिलेत. वाटेत मेंढरंवाल्यांनी हुरडा खाऊ घातला.”

याकोबराव हसायला लागले. हसता हसता खोकले, खोकता खोकता पुन्हा हसले. कितीतरी महिन्यांनी त्या खोलीत हसू ऐकू आलं.

“अगं वेडे, हातच्या काकणाला आरसा कशाला? प्रभूची आई सरकारी शिरगणतीत नावनिशी लिहून द्यायला निघाली होती, हे आपल्यातलं शेंबडं लेकरू बी सांगंल. तिला माहेरी धाडणारा ख्रिस्ती न्हाई, आन् असलं पुस्तक कुठं छापलेलं बी न्हाई. तुझा तो पोरगा हे मनानं रचून राहिलाय.”

सलोमीला राग यायला हवा होता. आला नाही. कुणीतरी आपल्याला नाही म्हणवेना म्हणून अख्खं पुस्तक रचत बसलंय... तिचे गाल तापले. बरं झालं बाबांना दिसत नव्हतं.

“घेऊन ये त्याला,” याकोबराव म्हणाले. “म्हणावं, सुतारीण माहेरी पोचल्याबिगर मी काही मरत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात गेली आणि सरळ म्हणाली, “तुमचं पुस्तक पकडलं गेलं.”

रामकिशनचं तोंड उतरलं. “कुणी पकडलं?”

“बाबांनी. आता शिक्षा म्हणून रोज घरी येऊन सांगायचं.”

“आन् तुमी? तुमी काय शिक्षा देता?”

“मी... चहा देते. बिनदुधाचा.”

मग तो रोज दुपार कलल्यावर येऊ लागला. याकोबरावांच्या खाटेशी खोक्यावर बसायचा आणि सुतारणीला पुढच्या गावी न्यायचा. प्रत्येक गाव दार लावून घ्यायचं. एका गावात कुत्री अंगावर आली, एका गावात पाटलीण आत घेते म्हणाली, पण पाटील न्हाई म्हणाला. सलोमी दाराशी गहू निवडत बसायची. गव्हात खडे कमीच असायचे, तरी निवडणं काही संपत नव्हतं. तो बोलायचा बाबांशी आणि बघायचा तिच्याकडे. ती मान वर करायची, तेव्हा तो वाक्य विसरायचा.

“पुढं?” याकोबराव विचारायचे.

“पुढं... नदी लागली, बाबा.”

सुतारीण काही पोचत नव्हती. माहेर दिसू लागलं, की रामकिशन मधे एक डोंगर उभा करायचा. सलोमीला कळत होतं का ते. तिला ते गोड वाटत होतं, आणि भीतीही वाटत होती, कारण बाबा दिवसेंदिवस आटत चालले होते. आता खोकल्यातून रक्त पडायचं. ते वाटी पुढं करायचे, ती धुऊन आणायची, आणि गोष्ट पुढं चालायची.

नाताळाच्या आदल्या दिवशी पोलिसांनी वाचनालयाला कुलूप ठोकलं. नाताळाच्या दुपारी मकबूल टांगेवाल्यानं याकोबरावांच्या दारात टांगा उभा केला. तो याकोबरावांचा जुना दोस्त. त्यानं सलोमीला बाहेर बोलावलं.

“बेटी, त्या पोराचं नाव चावडीत घेतलंय. आज-उद्यात उचलतील. मी कनेरगावाकडं सवारी घेऊन चाललोय. हद्दीच्या नाक्याच्या अलीकडं सोडतो, पुढं त्याचं तो बघंल. थोड्या वेळानं येतो, तयार ठेव त्याला.”

सलोमीनं आत येऊन खाटेशी बसलेल्या रामकिशनला सांगितलं. त्याला काहीच नवल वाटलं नाही.

“म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला?”

“व्हय. कवाचंच.”

“मग गेला नाहीत काहून?”

“सुतारीण पोचली न्हाई ना अजून.”

गोष्ट संपली की हा जाणार. गोष्ट संपली की बाबाही... पण एकाला धरून ठेवायचं, तर दुसऱ्याला तुरुंगात घालायचं होतं. तिनं मन घट्ट केलं.

“आज पोचवा तिला,” ती म्हणाली.

रामकिशननं पोचवलं. फार सजवलं नाही. उजाडताना सुतारीण गावच्या शिवेवर आली, बाप वेशीपर्यंत सामोरा आला, आईनं तांब्याभर ऊन पाणी पायांवर ओतलं, आणि दिवस डोक्यावर यायच्या आत ती मोकळी झाली. मुलगा झाला. याकोबराव हात छातीवर ठेवून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, “बरं झालं. लई हाल झाले पोरीचे.”

सलोमीनं रामकिशनच्या हातात करंज्यांची पुरचुंडी दिली. दाराशी तो थांबला.

“एक इचारू? पलीकडं... थांबू का मी? तुमची वाट बघू?”

तिला ओरडून सांगायचं होतं, थांबा, माझा जीव तुमच्यावर जडलाय. पण ती या घरातून निघणार कधी? बाबा गेल्यावरच. थांबा म्हणायचं, म्हणजे दोघांनी दोन काठांवर बसून बाबा कधी मरतात याचीच वाट बघायची. तिच्यानं ते होईना.

“नका थांबू,” ती म्हणाली. “माझं काही खरं नाही.”

रामकिशननं मान हलवली आणि पायरी उतरला.

“रामकिशन!” खाटेवरून फाटक्या आवाजात हाक आली. “थांब तिकडं. येईल ती. मी लई दिवस लावणार न्हाई.”

“बाबा!” सलोमी धावली आणि तिनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला. त्यांनी तो बाजूला केला. बाहेर टांग्याची घंटी वाजली. रामकिशन तरी आत आला, खाटेशी उकिडवा बसला, आणि त्यानं म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले.

“लावा की, बाबा. पायजे तेवढे दिवस लावा. मी थांबतो. मला घाई न्हाई.”

याकोबरावांनी त्याचे हात दाबले. सलोमीनं डोळे पुसले. मग बापादेखत, सरळ रामकिशनकडे बघून ती म्हणाली, “माझ्यासाठी थांबा. मला तुम्हीच हवे आहात.”

“व्हय,” तो म्हणाला.

मकबूलनं पुन्हा घंटी वाजवली. रामकिशन उठला आणि मागं न बघता गेला. टांगा छावणीच्या वळणावर पोचला असेल, तेवढ्यात याकोबरावांना खोकल्याची उबळ आली. सलोमीनं त्यांना उठवून बसवलं आणि त्यांची पाठ चोळत राहिली.