ज्या पानाला बोट लागलं नाही

श्रावणातली सर अशी काही दणकून आली की दूध बाजारातली माणसं मिळेल त्या वळचणीला घुसली. महेबूब बुकबायंडरच्या दुकानात एक तरुण धावतच शिरला. टोपी गळतेय, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला... आणि अंगातला कोट काढून त्यात काहीतरी गुंडाळलेलं, तान्ह्या पोरासारखं छातीशी धरलेलं.

"कोणी आहे का?"

महेबूबभाई छापखान्यात गेले होते. दुकानात नुसता पुस्तकं दाबायचा शिकंजा, पुठ्ठ्यांची चळत आणि खळीचा आंबूस वास. आतल्या खोलीच्या दाराला पडदा, आणि पडद्याआड हमीदा. महेबूबभाईंची एकुलती एक मुलगी. वय अठरा, हातात सुई. पाटीवर नाव बापाचं, पण नाशकातल्या निम्म्या पुस्तकांची शिलाई या पोरीच्या हातची होती. गिऱ्हाइकांना ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्यांनी काय दिवे लावले असते म्हणा!

"अब्बा नाहीत. पुस्तकं ठेवून जा," ती आतूनच म्हणाली.

"एकही भिजलेलं नाही. बघून घ्या."

"आणि तुम्ही?"

"मी काय... मी वाळेन."

पडद्याआड ती खुदकन हसली, आणि त्याला ते ऐकू गेलं. झालं! अहो, अठराव्या वर्षी प्रेमात पडायला याहून जास्त काय लागतं? स्वतः भिजला आणि पुस्तकं कोरडी ठेवली, एवढ्यावरच पोरगी खूश. पुस्तकं कोरडी ठेवणारा माणूस माणसांना कसा वागवतो, हे तपासायचं राहूनच गेलं.

त्याने पुस्तकं पडद्याच्या कडेने आत दिली. उर्दू अर्थासह कुराण, मिशनचं मराठी बायबल, धर्मशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ आणि बुद्धाच्या संघावरचं एक पुस्तक. सगळ्यांच्या पाठी उसवलेल्या.

"या अल्ला! इतक्या धर्मांचं करता काय तुम्ही?"

"भाषण. कॉलेजात स्पर्धा आहे, माघात. 'धर्मग्रंथ आणि स्त्री.' मी शौकत. देवळाली कॅम्पातल्या फारुख ठेकेदारांचा भाचा... तुम्हाला काय म्हणू?"

"काही म्हणायलाच हवं का?"

"पुस्तकं न्यायला आलो की हाक मारावी लागेल."

"बुकबायंडरची मुलगी म्हणा."

"आणि त्याच्यानंतर?"

"नंतरचं नंतर," ती म्हणाली आणि सुई चुकून बोटात घुसली.

आठवड्याने तो आला तो नेमका शुक्रवारी दुपारी, महेबूबभाई नमाजाला गेल्यावर. योगायोग म्हणायचा तर म्हणा!

"एक विचारू?" हमीदा पडद्याआडून म्हणाली. "तुम्ही खुणा फक्त गोड गोड पानांवरच घातल्यात."

"म्हणजे?"

"म्हणजे बाईचा मान ठेवला की देव खूश होतात, त्या पानावर खूण. पण त्याच ग्रंथात पुढे तिने लहानपणी बापाच्या, मग नवऱ्याच्या, म्हातारपणी मुलाच्या ताब्यात राहावं म्हटलंय, तिथे खूण नाही. बुद्धाने बायकांना संघात घेतलं, तिथे खूण. शंभर वर्षांच्या भिक्षुणीने कालच दीक्षा घेतलेल्या पोराला उठून नमस्कार करावा, तिथे नाही."

"तुम्ही... वाचलीत सगळी?"

"शिवताना डोळे मिटून नाही बसत मी."

शौकतला हसू आलं आणि घामही फुटला. "मग सांगा ना. मी काय बोलू?"

 मग पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला. बोटांवर खळ वाळलेली, तर्जनीला सुईची बारीक बारीक भोकं, आणि त्या हातात उघडलेलं बायबल. "ही कड बघा. बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं, हे पान. बोटं लागून लागून काळं पडलंय. त्याच्याच पुढे लिहिलंय, नवऱ्याने बायकोवर स्वतःच्या देहासारखी प्रीती करावी. ते पान उलटा. आहे का डाग?"

"नाही..."

"आपलं कुराण घ्या. तुमच्याच घरातली प्रत आहे, दोन पिढ्यांची. नवऱ्याचा अधिकार सांगितलाय ते पान मऊ पडलंय. आणि त्याच सूऱ्यात, त्याच अध्यायात, म्हटलंय की बाईला तिच्या मर्जीविरुद्ध ताब्यात घेणं हलाल नाही, ते पान कालच छापल्यासारखं करकरीत. अब्बांच्या हाताखाली दहा वर्षं शिवतेय मी. कुठलाही धर्म आणा. बाईला काय करू नको म्हटलंय ते पान मळलेलं, आणि बाईला काय दिलंय त्या पानाला बोट लागलेलं नाही."

शौकत नुसता त्या हाताकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हे दुसऱ्या कुणाला सांगू नका हं."

"कुणाला सांगणार? मला विचारतंय कोण!"

"मी विचारतोय ना..." — आणि पडदा आतल्या बाजूने थरथरला.

असे किती शुक्रवार गेले! पडदा आधी वीतभर सरला, मग हातभर. 'तुम्ही'चं 'तू' झालं. दुकानाच्या ओट्यावर मखमलाबादची कलाबाई फुलं विकायला बसायची. तिला कळलं नसतं तरच नवल.

"पोरी, गोड बोलतोय लय त्यो," एके दिवशी शेवंतीच्या वेण्या करता करता ती म्हणाली.

"मावशी, तो वेगळा आहे. ग्रंथात बायकांना काय काय हक्क दिलेत ते सगळं ठाऊक आहे त्याला."

"आसंल बाई. मला मूल नाय झालं म्हणून आमच्या धन्यानं दुसरी आणली, तवा भटजीनं पोथी उघडून दावली मला. आठ वर्षं थांबून आण म्हणून लिहिलंय म्हनं. मला कुठं वाचता येतंय? म्या म्हटलं, आसंल बाबा. जे पोथ्या उघडत्यात ते त्यांच्या सोयीचंच पान उघडत्यात."

माघात स्पर्धा झाली. हमीदा बुरखा घालून कलाबाईबरोबर गेली आणि सभागृहाच्या खिडकीबाहेर उभी राहिली. काय बोलला शौकत! आवाज असा खणखणीत की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही कान टवकारावे लागू नयेत. आणि शेवटी हात उंचावून म्हणाला, "सभ्य गृहस्थहो, जुनी पुस्तकं चाळताना मला एकदा असं आढळलं, की बाईला बंदी घालणारं पान मळलेलं असतं, आणि बाईला हक्क देणाऱ्या पानाला बोटसुद्धा लागलेलं नसतं!" टाळ्यांचा नुसता पाऊस. पहिलं बक्षीस, चांदीचा बिल्ला.

हमीदाच्या डोळ्यांत पाणी आलं. अभिमानाचंच. पण 'मला आढळलं' हे दोन शब्द घशात माशाच्या काट्यासारखे अडकले.

"भर सभेत तुझं नाव कसं घेणार होतो मी?" पुढच्या शुक्रवारी तो म्हणाला. "बदनामी झाली असती तुझी. वेडी कुठली! मामूंशी बोलतोय मी. ते येतील तुला बघायला... येऊ देत ना?"

आता पोरगी बिल्ला बघेल की काटा? तिने मान हलवली.

शौकत लहानपणीच पोरका झालेला, मामूंच्या अन्नावर वाढलेला. फारुख ठेकेदार म्हणजे देवळालीच्या लष्करी छावणीला भाजीपाला पुरवणारा बडा माणूस. वय पंचेचाळीस, बायको जाऊन दोन वर्षं झालेली. शौकतने त्यांच्यापुढे महेबूबभाईंच्या मुलीची तारीफ केली. शिकलेली आहे, कामसू आहे, घराला शोभेल. 'कुणासाठी' हे मात्र सांगायला जीभ रेटली नाही. मनाशी म्हटलं, बघून आले की सांगू. मामू आले, त्यांनी सरबत घेतलं, हमीदाला पाहिलं आणि स्वतःसाठीच ठरवून गेले!

महेबूबभाईंना तर आभाळ ठेंगणं झालं. "फारुखभाईंसारखा माणूस आपल्या पायांनी घरी चालत आला," ते बहिणीला, हुस्नबानोला, सांगत होते. ज्या पोरीने त्यांच्या दुकानातलं एकूण एक कुराण शिवलं होतं, तिला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

शौकत आला तो पांढराफटक पडून.

"आता तरी सांगशील ना मामूंना?" हमीदाने विचारलं.

"मी बोललो तर त्यांचा मान जाईल गं. पण ऐक... तू नाही म्हण. निकाहच्या वेळी मुलीला विचारावंच लागतं. वकील, म्हणजे मुलीचा जबाब काझींना सांगणारा, दोन गवाह घेऊन पडद्यापाशी येतो, तीनदा विचारतो. तू नाही म्हटलंस की कुणाच्या बापाला निकाह लावता येणार नाही. हक्क आहे तुझा! आणि वकील कोण आहे ठाऊक आहे? मी. मामूंनीच माझं नाव काढलंय, घरातला शिकलेला म्हणून, आणि तुझ्या अब्बांनीही होकार दिलाय."

"म्हणजे मी नाही म्हणायचं आणि तू ते बाहेर जाऊन सांगायचंस?"

"एवढंच. जसंच्या तसं सांगायचं. तू फक्त म्हण."

"म्हणेन," हमीदा म्हणाली. "तीनदा म्हणेन."

चैत्रातला दिवस, दुपारची वेळ. बाहेर मांडवात काझीसाहेब, फारुख ठेकेदार आणि शे-दीडशे माणसं. आतल्या खोलीत बायकांची गर्दी, मध्ये लाल ओढणीत हमीदा. अंगावरचा मोगरा कलाबाईनेच गुंफून आणलेला, आणि ती स्वतः दाराशी टोपली घेऊन बसलेली. पडद्याखालून तीन जोडे दिसले. मधला जोडा शौकतचा. तिला तो चिखलात, धुळीत, कसाही ओळखू आला असता.

"हमीदा बिन्ते महेबूब," त्याचा आवाज आला. "फारुख वल्द हुसेन यांच्याशी, ठरलेल्या मेहेरवर, निकाह कबूल आहे?"

लग्नघरातल्या मुली या वेळी बोलत नाहीत, रडतात. मग कुणी काकी-फुफी मान खाली दाबते आणि म्हणते, झालं कबूल. शेकडो वर्षांची रीत. हमीदा रडली नाही.

"नाही. मला कबूल नाही."

बांगड्यांची किणकिण थांबली. हुस्नबानो फुफीने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की पोरीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"लाजतेय!" फुफी मोठ्यांदा म्हणाली. "पोरीची जात, लाजेने काहीबाही बोलते. पुन्हा विचारा."

पुन्हा विचारलं. "नाही."

तिसऱ्यांदा शौकतचा आवाज अगदी खाली गेला... "कबूल आहे?"

"नाही!"

बाहेरच्या दोन गवाहांपैकी एक खोकला, दुसऱ्याने टोपी सारखी केली. मग तिन्ही जोडे वळले. ओढणीआड हमीदा हसत होती. तिने तिचं काम केलं होतं. आता त्याचं, एवढंसं काम... जसंच्या तसं सांगायचं.

मांडवात शांतता झाली. काझीसाहेबांनी काहीतरी विचारलं. आणि तोच आवाज आला, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा, खणखणीत.

"मुलीला कबूल आहे."

दोन्ही गवाहांनी खाली बघत माना डोलावल्या, फारुखभाईंनी कबूल म्हटलं. मुबारक, मुबारक! खारका उधळल्या गेल्या, बायकांनी गाणं धरलं. दाराशी कलाबाईने तोंडाला पदर लावला आणि एकदाच बोलली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." कुणी ऐकलं नाही.

पाठवणीच्या वेळी तांगा दारात उभा राहिला. फारुखभाई महेबूबभाईंना गळामिठी मारत होते तेवढ्यात शौकत तांग्याजवळ आला. तोंड उतरलेलं.

"हमीदा... एवढी माणसं होती. मामू डोळ्यांत डोळे घालून बघत होते. माझी जीभच वळेना..."

"वळली की. छान वळली."

"मला माफ कर."

"तुम्ही विचारलं होतंत ना, मला काय म्हणू म्हणून?" बुरख्याआडून ती म्हणाली. ते 'तुम्ही' त्याला थोबाडीत बसावं तसं लागलं. "नंतरचं नंतर म्हटलं होतं मी. आता सांगते. मामी म्हणा. आणि वाकून सलाम करा, लोक बघताहेत."

लोक खरंच बघत होते. तो वाकला.

तांगा नासर्डीचा पूल ओलांडून देवळालीच्या रस्त्याला लागला. फारुखभाई माणूस तसा वाईट नव्हता. ऊन लागतंय का, पाणी हवं का, दोनदा विचारलं त्यांनी. मग जरा खुलले.

"शौकत सांगत होता, फार लाजाळू आहेस. कबूल म्हणताना आवाजच फुटेना म्हणे! बरं आहे, मला अशीच हवी होती." मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "आमचा भाचा म्हणजे हिरा आहे हं. बायकांच्या हक्कांवर बोलून बिल्ला मिळवलाय त्याने. काय एकेक दाखला देतो! पुस्तकातलं कुठलं पान मळतं आणि कुठल्या पानाला बोट लागत नाही... जाऊ दे, तुला नाही कळायचं ते. विद्वत्तेचं काम आहे."

"ते मी सांगितलं होतं त्याला," हमीदा म्हणाली.

फारुखभाई खळखळून हसले. "बघ, बोलायला लागलीस की! थट्टासुद्धा येते तुला." आणि त्यांनी तांगेवाल्याला घोडा जरा जोरात हाकायला सांगितलं.