दुपारची दिपी

मधल्या खोलीतल्या टेबलावर त्या रविवारी होतं ते असं: कानामागे बसणारी मशिनं दोन, उजव्यावर तांबडी खूण, डाव्यावर निळी. चार्जिंगची डबी एक. कानात जाणाऱ्या रबरी टोप्या आठ, चार भोकांच्या, चार बंद. मळ अडवणाऱ्या जाळ्यांची पट्टी एक, सहापैकी पाच जाळ्या शिल्लक. मंजुळाबाईंचा फोन, दिपमालाचा लॅपटॉप आणि पंचवीस शब्दांची यादी. खुर्च्या तीन. माणसं दोन.

दिपमाला जळगावला रिंग रोडवरच्या एका श्रवण केंद्रात काम करायची. कान तपासायचे, मशीन बसवायचं, ते नीट जुळवून द्यायचं. दिवसाला आठ-दहा म्हाताऱ्या माणसांना ती पुन्हा ऐकायला लावत असे. स्वतःच्या आईला मात्र तिचा फोन ऐकू येत नव्हता. येत होता, पण मंजुळाबाई म्हणायच्या, "पत्राना डबामा बोलस असं वाटस."

भडगावच्या त्या घरात आईजवळ चोवीस तास वहिनी होती, ज्योत्स्ना. चहात साखर किती, गुडघा कुठला दुखतो, झोप लागली की नाही, सगळं ज्योत्स्नाला ठाऊक. दिपमालाला रविवारी फोनवर पाच मिनिटं मिळायची, त्यातली तीन "काय? काय म्हनस?" यात जायची. याचं तिला वाईट वाटायचं, असं ती मैत्रिणींना सांगे. खरं म्हणजे तिचा जळफळाट व्हायचा. म्हणून ती हे सगळं सामान घेऊन आली होती. एकदा फोनचा आवाज सुधारला की आई तिच्याशीही बोलेल, रोज बोलेल.

तिने भोकांच्या टोप्या काढून बंद टोप्या बसवल्या, म्हणजे आवाजातला भरीवपणा कानाबाहेर निसटणार नाही. जाळ्या बदलल्या. फोन चालू असताना बाहेरचे आवाज किती आत घ्यायचे, ते प्रमाण कमी केलं. मग तिने एक गोष्ट केली, जी केंद्रात कोणी करत नसे. छापील यादीतले शब्द आईच्या बोलण्यातले नव्हते, म्हणून तिने अहिराणीतले पंचवीस शब्द स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केले होते. ते फोनवरून थेट मशिनांत सोडले आणि म्हणाली, "माय, हाऊ आवाज मना वाटना का सांग."

"नही."

तिने खर्जातले सूर थोडे चढवले. "आते?"

"तुना सारखा शे. पन तू नही."

ती बदलत राहिली. पुस्तकात एक ठरलेलं माप असतं, ते मिळालं की थांबायचं. ते सहाव्या वेळीच मिळालं होतं. पण आईची मान हलत नव्हती, आणि दिपमाला हट्टाला पेटली होती. एकोणिसाव्या वेळी मंजुळाबाईंनी डोळे मिटले.

"हाई," त्या हळूच म्हणाल्या. "हाईच मनी दिपी."

त्यांनी हात पुढे केला. दिपमाला उजवीकडे बसली होती. हात डावीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे गेला आणि खुर्चीच्या पाठीवरून फिरला.

दिपमालाने मापं जतन केली, सामान आवरलं. निघताना अंगणातून तिने हाक मारली. आई म्हणाली, "तुना आवाज दूरथीन येस व." नव्या टोप्यांची सवय व्हायला आठवडा लागतो, असं सांगून ती एसटीत बसली.

पुढच्या रविवारी तिने फोन केला तेव्हा आवाज स्वच्छ पोचला. मंजुळाबाई खुशीत होत्या.

"रोज बोलस तरी तुनं पोट भरस नही," त्या हसत म्हणाल्या. "कालदिन तर दुपारना दोन घंटा."

"काल मी फोन करा नही, माय."

"चाल! गंमत करस."

शनिवारी दुपारी दिपमाला आवाजबंद खोलीत होती, बारा ते पाच, एकामागून एक सात जण. तिच्या डोक्यात पहिलं नाव आलं ते ज्योत्स्नाचं. बाहेरच्या खोलीतून फोन लावायचा, दिपीसारखा आवाज काढायचा, म्हातारीचं प्रेम दोन्ही बाजूंनी आपल्याकडे ओढायचं. विचार हास्यास्पद होता. तरी चार दिवस तिला तो सोडेना.

गुरुवारी तिने मुद्दाम फोन केला. मंजुळाबाई एकदम म्हणाल्या, "जाऊ दे ते घड्यायनं. तू ल्हान व्हती. मी भाऊले काहीच सांगाव नही."

"कोणतं घड्याय?"

"तूच सांगं ना. परेमना घड्याय तूच हीरमा टाकं. किती रडनी तू सांगता सांगता."

दिपमालाने फोन कानापासून दूर धरला. तिचा भाऊ प्रेमराज दहावी पास झाला तेव्हा वडलांनी त्याला घड्याळ आणलं होतं. तेव्हा ती आठ वर्षांची होती. विहिरीत ते पडताना आवाजसुद्धा झाला नव्हता. तिने हे कधीच कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला नाही, डायरीत नाही. अठरा वर्षं ती माफी तिच्या तोंडाशी येऊन परत जायची. आता कोणीतरी ती मागून टाकली होती. त्याबद्दल मिळणारी माया घेऊनही टाकली होती.

भीती वाटायला हवी होती. तिला राग आला.

त्याच सुमारास आईच्या फोनची काच फुटली. प्रेमराजने कामानिमित्त जळगावला येताना तो दिपमालाकडे दिला. नवी काच यायला आठ दिवस लागले. तेवढे दिवस फोन बंद करून तिच्या टेबलाच्या खणात होता. खणाला कुलूप, किल्ली तिच्या गळ्यात.

नवव्या दिवशी तो घेऊन ती भडगावला गेली. गच्चीवर ज्योत्स्ना ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाड पापड, वाळायला खाटेवर पसरत होती.

"या ताई," ज्योत्स्ना म्हणाली. "आज प्रत्यक्ष? रोज तर फोनवरच असता. आम्हाला आई दुपारी जवळसुद्धा येऊ देत नाहीत. 'दिपी बोली राह्यनी' म्हणतात."

"वहिनी, फोन माझ्याजवळ होता. आठ दिवस."

ज्योत्स्नाचा बिबडा हातातच राहिला. "मग मी म्हणत होते ना ह्यांना," ती हळू म्हणाली, "की फोन नाही तर आई बोलतात कशावर. हे म्हणाले, तुला काय कळतं मशिनातलं, दिपीने काहीतरी सोय केली असेल."

दिपमालाने खाली मधल्या खोलीत येऊन आईच्या कानांवरची मशिनं लॅपटॉपला जोडली. किती वेळ वापर झाला, फोनचा आवाज किती वेळ आत आला, याची नोंद मशीन स्वतःच ठेवतं. मागच्या आठ दिवसांत फोनमधून आलेला आवाज: रोज सरासरी पाच तास चाळीस मिनिटं. फोन: मंजुळाबाईंचा, एकच. असा आवाज दहा मीटरांपलीकडे पोचत नाही. खण साठेक किलोमीटरवर होता.

तिने रेकॉर्ड केलेले शब्द पुसले. मशिनांची फोनशी असलेली जोडणी तोडली. एकोणिसावी मापं काढून सहावी बसवली. फोन बंद करून ज्योत्स्नाकडे दिला आणि ज्योत्स्नाने तो गच्चीवर खाटेखाली ठेवून दिला. दुपारचे दोन वाजले होते. बाहेर ऊन इतकं होतं की दारातली फरशी पांढरी दिसत होती.

"माय," दिपमाला म्हणाली.

मंजुळाबाई भिंतीकडे बघून हसत होत्या.

"माय!"

"आई," ज्योत्स्नाने साध्या आवाजात म्हटलं, "पाणी देऊ का?"

"नको व. आतेच पिनू."

दिपमालाने केंद्रात करते तसंच करायचं ठरवलं. सकाळी एसटीत तिने तीन नव्या याद्या लिहिल्या होत्या, पंचवीस-पंचवीस शब्दांच्या, कोणी न पाहिलेल्या. खुर्ची एक मीटरवर ठेवली. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे कागद. पहिली यादी ज्योत्स्नाने वाचली. मंजुळाबाईंनी शहाण्या मुलीसारखी उत्तरं दिली, दोनच शब्द चुकले.

मग ज्योत्स्ना उठली आणि त्याच खुर्चीवर दिपमाला बसली. तिने दुसरी यादी वाचली. आधी नेहमीच्या आवाजात, मग मोठ्याने. बाराव्या शब्दापासून ती ओरडत होती. दारावरून जाणारा कोणीतरी थबकला.

यादी संपता संपता मंजुळाबाईंनी हात वर केला, मूल मधे बोललं की करतात तसा. "थांब ना बाई. मनी पोर बोली राह्यनी."

दिपमालाने तोंडापुढचा कागद खाली घेतला. "माय, मी दिपी. मी!"

आईने तिच्याकडे पाहिलं. नजर प्रेमळ होती, पाहुण्यांकडे असते तशी. मग आई ज्योत्स्नाकडे वळली. "हाई पोर कोन शे व? गुनी वाटस. तिले चहा टाक."

ज्योत्स्नाने दिपमालाचा दंड धरला.



मग मंजुळाबाई पुन्हा भिंतीकडे वळल्या, मान कलती करून. "हां, सांग," त्या म्हणाल्या. क्षणभर थांबल्या. "वावर."

पुन्हा थांबल्या. "खाट."

"मोट."

दिपमालाच्या मुठीत तिसरी यादी होती, चार घड्या घातलेली. तिने ती अजून उघडलीच नव्हती.

"ताई, थांबवा," ज्योत्स्ना म्हणाली.

दिपमालाने आईच्या कानांवरून दोन्ही मशिनं काढली. ती टेबलावर ठेवली, तांबडी खूण, निळी खूण.

"पानी," मंजुळाबाई म्हणाल्या. "डोया."

मधे त्यांचं हसू फुटायचं, जणू पलीकडून कोणी चिडवत होतं. सतराव्या जागी दिपमालाने सकाळी 'कैरी' खोडून 'जांब' लिहिलं होतं.

"जांब," मंजुळाबाई म्हणाल्या. आणि पुढे, लेकीला म्हणावं तसं लाडात, "शाबास मनी माय."

पंचविसावा शब्द झाल्यावर दिपमालाने मूठ उघडली. पेन घेतलं. रकाने तिला पाठ होते.

ज्योत्स्ना, समोरून, एक मीटर: पंचवीसपैकी तेवीस.

दिपमाला, समोरून, एक मीटर: पंचवीसपैकी शून्य.

फोन बंद, मशिनं काढलेली, वाचणारं कोणी नाही: पंचवीसपैकी पंचवीस.