एक कान उघडा

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरच्या त्या दुकानात मी इअरफोन घ्यायला शिरलेच नव्हते. माझ्या मागे कुत्रं लागलं होतं.

म्हणजे, लागलं होतं असं मला वाटलं. ते बिचारं आपल्या वाटेनं चाललं होतं. पण मी जात्याच भित्री. पाल, वीज, लग्नातले फटाके, अंगात येणाऱ्या बायका... आणि कुत्रं तर या सगळ्यांच्या वर. पायऱ्या कशा चढले ते कळलं नाही, थेट काचेच्या काउंटरलाच धडकले.

काउंटरमागे एक मुलगा वायरींचा गुंता सोडवत बसला होता. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर पायरीवर येऊन बसलेल्या कुत्र्याकडे.

“दोघांपैकी गिऱ्हाईक कोण?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून काहीतरी विचारायला हवं होतं. आणि घाईघाईत तोंडातून निघालं ते मनातलंच निघालं.

“असा इअरफोन आहे का... ज्यात गाणं ऐकू येईल आणि बाहेरचंही ऐकू येईल?”

“बाहेरचं?” त्यानं वायर खाली ठेवली. “मॅडम, बाहेरचं बंद व्हावं म्हणून लोक जास्तीचे पैसे देतात.”

“मला बंद नको.”

“का पण?”

“बिबट्या आहे.”

त्यानं मान वाकडी करून पुन्हा कुत्र्याकडे पाहिलं. “हा?”

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून मलाच ते विचित्र वाटलं.

ही दोन हजार नऊची गोष्ट. आमचा मळा दिंडोरीच्या पुढे, वणी रस्त्याला. मी रोज नाशिकला डीटीपीच्या कोर्सला यायचे. संध्याकाळच्या वणी गाडीनं फाट्यावर उतरायचं आणि तिथून घरापर्यंत चालायचं. एका बाजूला द्राक्षबाग, दुसऱ्या बाजूला ऊस. दसऱ्याच्या आधी त्या उसातून बिबट्यानं लहानूकाकांचं वासरू ओढून नेलं. तेव्हापासून वस्तीवरचे बापेगडी संध्याकाळी मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून चालायचे. वनखात्याचे लोक तसंच सांगून गेले होते. बोलत चला, गाणी वाजवत चला, पळू नका, खाली बसू नका.

पण बाप्यांनी गाणं वाजवलं तर तो शहाणपणा, आणि पोरीनं वाजवलं तर? शेजारच्या आक्काबाईंनी पहिल्याच दिवशी आईला सुनावलं होतं, “धोंडीरामाची पोर गाणी लावून चालती म्हनं. बिबट्याला बोलावती का कोनाला?” झालं. दुसऱ्या दिवसापासून माझी वाट मुकाट्यानं.

मुकाट्यानं चालणं माझ्यानं होत नव्हतं. उसाचं पान हललं की मी जागीच थांबायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसा मला प्रत्येक सरीत बिबट्या दिसायचा. घरी सांगायची चोरी. आई वासराच्या दिवशीच म्हणाली होती, “भ्या वाटत असंल तर घरी बस. जिवापेक्षा कोर्स मोठा नाय.” एकदा ‘भीती वाटते’ म्हटलं की माझं नाशिक संपलंच. आणि कोर्सनंतर प्रेसमधे नोकरी मिळायची होती हो मला! लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, सगळं शिकत आले होते. म्हणून धीराला गाणं हवं, पण फक्त मला ऐकू येणारं. आणि कान उघडेही हवेत.

हे सगळं मी त्या अनोळखी मुलाला का सांगितलं, देव जाणे. त्यानं मधे एकदाही थट्टा केली नाही, म्हणून असेल.

“बसा,” तो म्हणाला. “मी ज्ञानेश. दुकान मामाचं आहे, पण कान हे माझं खातं.”

त्यानं आधी जुन्या पद्धतीचा चपटा इअरफोन दिला. बाहेरचं छान ऐकू येत होतं, पण मान हलवली की तो घसरून पडायचा. मग कानाच्या आत बसणारा काढला. त्याला लहान, मधलं, मोठं अशी वेगवेगळी रबरं. प्रत्येक रबर तो स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून हातात द्यायचा आणि विचारायचा, टोचतंय का, दाबतंय का.

“डावं सैल आहे,” मी म्हणाले. “नाही... उजवं. उजवं पडतंय.”

“तुमचा डावा कान उजव्यापेक्षा लहान आहे.”

“काहीतरीच!”

“कोणाचेच दोन्ही कान सारखे नसतात. पण तुमचा... जरा जास्तच नाजूक आहे.” असं म्हणून तो एकदम डबीत रबरं शोधायला लागला. त्याचे स्वतःचे दोन्ही कान लाल झाले होते.

मधलं रबर बसवलं तेव्हा गाण्यातली ढोलकी पोटात वाजली. इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता. पण त्याच क्षणी रस्ता नाहीसा झाला. रिक्षा नाहीत, हॉर्न नाहीत, माणसं नाहीत. मी वायर ओढून काढली.

“काय झालं?”

“काहीच ऐकू येईना.”

“तेच तर चांगलं असतं...” तो थांबला. “बरं. तुमच्यासाठी ते वाईट. आता असं करू, मी मागे उभा राहून बोलतो. ऐकू आलं तर सांगायचं.”

चपट्यात तो म्हणाला, “चहा घेणार?” मला ऐकू आलं. लहान रबरात तो म्हणाला, “कुत्रं गेलं.” तेही आलं, अंधूक. मग त्यानं फोमचं टोक आणलं. बोटांत दाबून बारीक करायचं, कानात घालायचं आणि वाट पाहायची. ते हळूहळू फुगून कान भरून टाकतं. रबरापेक्षा मऊ, अजिबात न टोचणारं. पण असं शांत, की विहिरीच्या तळाशी बसावं. समोरच्या आरशात मला तो मागे दिसत होता. त्याचे ओठ हलले. बराच वेळ हलले.

मी फोम काढला. “काय म्हणालात?”

“ऐकू आलं?”

“नाही.”

“मग फोम तुमच्या कामाचा नाही,” एवढंच म्हणून तो हसला.

शेवटी त्यानंच तोड काढली. लहान रबराच्या कडेला गरम सुईनं बारीक भोक पाडलं. ढोलकी पोटातून गळ्यापर्यंत आली, पण रस्ताही परत आला. मी तो इअरफोन घेतला. उतरताना पायरीवर कुत्रं नव्हतं, तरी मी क्षणभर थांबले. कशासाठी ते मलाच ठाऊक.

त्यानंतर मी रोज जायला लागले. कधी भोक बुजलं म्हणून, कधी कान दुखतो म्हणून. तो गंभीर चेहऱ्यानं नवं रबर पुसायचा. “त्या दिवशी फोममधे काय म्हणालात?” मी विचारायचे. “टेस्ट होती,” तो म्हणायचा. मॅडमची छाया झाली, तुम्हीचं तू झालं, तरी तेवढं काही तो सांगेना.

दिवाळी जवळ आली, दिवस लहान झाले. गाडी फाट्यावर यायची तेव्हा आता अंधारू लागायचं. बागेतल्या फवारणीच्या टाकीपाशी बिबट्याचे ठसे दिसले. मी दुकानात गेले ती रडवेलीच.

“भोकानं भागत नाही रे. इथे हॉर्न ऐकू येतो, पण पाचोळा? तो कसा कळणार?”

तो विचारात पडला. “मग जागेवरच टेस्ट करावी लागेल.”

“वेडा आहेस का? कोणी पाहिलं तर?”

“दिंडोरीला माल द्यायचाय, असं मामाला सांगतो. वणीहून येणाऱ्या गाडीनं लगेच परत.” मग हळूच म्हणाला, “छाया, तू एकटी त्या रस्त्यानं चालत असताना आता मला दुकानात बसवत नाही गं.”

नाही म्हणायला हवं होतं. मी नाही म्हणाले नाही.

फाट्यावर उतरलो तेव्हा रस्ता रिकामा होता. बिबट्याच्या भीतीनं सगळी वस्ती आधीच दारं लावून बसलेली. ज्ञानेशनं इअरफोन आपल्या चायना मोबाईलला जोडला. त्याचं एक टोक माझ्या डाव्या कानात दिलं, दुसरं आपल्या उजव्या.

“एक कान गाण्याला, एक कान उसाला,” तो कुजबुजला. “दोघांत मिळून दोन्ही बाजू होतात.”

वायर जेमतेम हातभर. लांब चाललं की ताणायची, म्हणून जवळ चालावं लागत होतं. मला बिबट्याची भीती वाटत होती, आक्काबाईंची वाटत होती, आणि त्याचा हात माझ्या हाताला लागत होता त्याची तर सगळ्यात जास्त. छातीत जे धडधडत होतं ते नक्की कशाचं, हे सांगता आलं नसतं.

“त्या दिवशी फोममधे ना...” तो म्हणाला, “मी म्हणालो होतो...”

तेवढ्यात रातकिडे थांबले.

एकदम थांबले. वस्तीकडे एक कुत्रं भुंकलं आणि मधेच कण्हून गप्प झालं. माझ्या उघड्या कानात उसाचं पाचट मोडल्याचा आवाज आला. वाऱ्याचा नव्हे. वारा असा पाऊल टाकून चालत नाही.

मी ज्ञानेशची बाही धरली. पुढे, बांधावर, ऊस बाजूला झाला आणि तो बाहेर आला. मांजरासारखा, सावकाश. रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला आणि आमच्याकडे पाहायला लागला. अंधारात आधी डोळेच दिसले.

ज्ञानेशचं तोंड उघडं होतं, पण आवाज निघत नव्हता. तो माझ्यापुढे सरकला, एवढं मात्र त्यानं केलं. सरकला आणि तिथेच थिजला. गाणं अजून आमच्या कानात चालूच होतं. लग्नातली ढोलकी, हसणाऱ्या बायका. आम्हाला ऐकू येत होतं. बिबट्याला नव्हतं.

हे माझ्या डोक्यात आलं आणि मी मोबाईलमधून इअरफोनची पिन उपटली.

चायना मोबाईलचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. साऱ्या शिवारात ढोलकी फुटली. मीही ओरडायला लागले. शब्द येत नव्हते, सूर तर नव्हताच, तरी ज्ञानेशचा मोबाईल धरलेला हात उंच धरून मी ते गाणं बेंबीच्या देठापासून म्हणत होते. बिबट्यानं कान मागे पाडले. क्षणभर आमच्याकडे पाहिलं. मग वळला आणि ज्या उसातून आला त्यात शिरला.

मी गात राहिले. थांबायची भीती वाटत होती.

बागेतून बॅटरीचा झोत आला. “छाया! एऽ छाया!” नाना, माझे वडील, घुंगरांची काठी घेऊन पळत येत होते, घुंगरं खणखणत होती. इतक्या लवकर? पंपाच्या खोलीतून आले होते ते. झोत माझ्या तोंडावर पडला, मग ज्ञानेशवर, मग आमच्या हातांवर. गाणं अजून वाजतच होतं.

“बंद कर ते,” नाना म्हणाले.

बंद झालं. आता बिबट्यापेक्षा मोठी भीती समोर उभी होती.

“व्हता का?”

“होता.” आणि मग इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर आलं. “मला भीती वाटते, नाना. रोज वाटते. रोज जीव मुठीत धरून येते मी. पण मला घरी नका बसवू. मी जाणार.”

नानांनी बॅटरी वळवली. झोत उसावर फिरवत राहिले.

“मंग मी काय मजा म्हून बसतो व्हय पंपापाशी?” ते शेवटी म्हणाले. “रोज तुझ्या चपलांचा आवाज ऐकतो, मंग घरी जातो. तुला वाटंल बापाला भरवसा नाय, म्हून बोललो नाय. आता फाट्यावरच येत जाईन.” मग काठी ज्ञानेशकडे वळली. “आन् तू कोन रं?”

“मी... इअरफोनची टेस्ट घ्यायला...”

“झाली का?”

“झाली.”

“लय कापतोय की.”

“हो,” ज्ञानेश म्हणाला. “पण पळालो नाही.”

नानांनी त्याला खालून वर न्याहाळलं. “तेवढं दिसलं मला,” असं म्हणून ते फाट्याकडे वळले. त्याला गाडीत बसवलं. गाडी हलताना खिडकीशी जाऊन म्हणाले, “माल तयार झाला की ये द्राक्षं खायला. दिवसा ये.”

दुसऱ्या दिवशी वस्तीभर चर्चा होणार होती आणि ती झालीच. आक्काबाईंना महिनाभर पुरेल एवढं मिळालं. मी कोर्सला गेले.

दुपारी दुकानात शिरले तर ज्ञानेशनं सवयीनं स्पिरिटची बाटली काढली. “भोक बुजलं?”

“आता भोकाचं नको,” मी म्हणाले. “फोमचं दे. दोन्ही कानांना.”

“बाहेरचं काही ऐकू येणार नाही.”

“माहीत आहे.”

त्यानं फोम बोटांत दाबून माझ्या हातावर ठेवले. मी ते कानात घातले, रस्त्याकडे पाठ केली आणि डोळे मिटले. फोम फुगत गेला. हॉर्न गेले, माणसं गेली, पायरीवर कुत्रं होतं तेही गेलं. मागे तो उभा होता, एवढं मला ठाऊक होतं. आरशात पाहावं असं वाटलं नाही.

तो काहीतरी म्हणाला असावा. मानेवर श्वास जाणवला.

मला अक्षरही ऐकू आलं नाही. मी म्हणाले, “हो.”