मागच्या दाराचं कुलूप

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी दातांचा डॉक्टर आहे, गोष्टी रचणं माझा धंदा नाही. हे गेल्या मार्चमध्ये, दुसऱ्या रविवारी, दुपारी तीनच्या शोला घडलं.

भरदिवसा.

एका छापखान्याच्या वर चाळीस खुर्च्यांचा हॉल आहे. तिथे परदेशातले छोटे, कोणी नावही न ऐकलेले सिनेमे दाखवतात. आम्ही तिघं दर रविवारी जायचो. मी, गणित शिकवणारी माझी मैत्रीण, जिला आम्ही बाईच म्हणतो, आणि घड्याळं दुरुस्त करणारा आमचा मित्र, ज्याचं टोपणनाव चष्मा.

पडद्यावर खाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळी चष्म्याला लांबून वाचता यायच्या नाहीत. मी त्याच्या कानात वाचायचो.

त्याआधीच्या डिसेंबरमध्ये असाच सिनेमा रंगात आलेला. तो कुजबुजला, "अरे, छातीत कसंतरी होतंय."

"थांब रे, शेवट आलाय," मी म्हणालो.

पाच मिनिटांत तो खुर्चीतून घसरला.

मॅनेजर धावत आला. म्हणाला, "मागच्या जिन्याने न्या. लोकांचा शो बिघडवू नका."

मागच्या दाराला कुलूप! किल्ली सापडायला बारा मिनिटं लागली. चष्म्याने त्या दारापाशीच जीव सोडला.

तीन महिन्यांनी बाईने मला ओढतच तिथे नेलं. "किती दिवस घरात तोंड लपवून बसणार आहेस?"

माझ्या डावीकडची, चष्म्याची खुर्ची रिकामी होती. अर्धा तास झाला असेल…

"काय म्हणाली ती?"

डाव्या कानात.

सवयीने मी वाचायला लागलो. बाईने कोपर मारलं. "कोणाशी बोलतोयस?"

मी डावीकडे वळलो. खुर्ची रिकामीच.

तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली.

एक…

दोन…

मग नुसता धडाका. सगळे वळून बघायला लागले. म्हणजे मला भास होत नव्हता.

मी धावलो. थापा हॉलच्या आतूनच पडत होत्या, पण दारासमोर कोणीच नव्हतं.

आणि दाराला तेच कुलूप!

मॅनेजर मागून आला. "दर रविवारी होतं हे. थांबेल आपोआप."

माझं डोकंच फिरलं. मी त्याची कॉलर धरली. "माणूस मेला इथे! तरी कुलूप तसंच? लाज विकून खाल्लीस का? उघड!"

त्याने किल्ली फिरवली.

थापा थांबल्या.

रिकाम्या जिन्यावरून पावलं उतरत गेली… मधेच थांबली… आणि खालून आवाज आला. चष्म्याचाच. इतकं चिडलेलं मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं.

"आत्ता वेळ मिळाला तुला?"

मॅनेजरने त्याच आठवड्यात नोकरी सोडली. तो शपथेवर सांगतो, ते त्यालाच उद्देशून होतं.

बाईला ते पटत नाही. मलाही नाही.

कारण चष्मा परक्या माणसाला कधीच अरे-तुरे करत नसे.