पंखा बसवला आणि खिडकी बंद केली

हे वाचून कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही कैरोचाच, सगळा जन्म इथल्या शुब्रा मोहल्ल्यात गेला. भुताच्या गोष्टींना गल्लीत सगळ्यात मोठ्याने हसणारा मीच होतो. पण हे माझ्या घरात घडलंय. जानेवारीतला गुरुवार होता आणि मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान नुकतीच संपली होती.

मी रिफात, धंद्याने शिंपी. तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो. मी, बायको इन्साफ आणि नऊ वर्षांची लमया.

लमयाला दमा आहे.

त्या हिवाळ्यात पोरीला आडवंच होता येत नव्हतं. उशांना टेकवून बसवायचो आणि आम्ही दोघं आळीपाळीने तिचा श्वास ऐकत राहायचो. डॉक्टरांनी बाथरूमच्या छताचा फोटो पाहिला. सगळी काळी बुरशी. "वाफ बाहेर काढा, एक्झॉस्ट फॅन लावा," ते म्हणाले. "नाहीतर माझ्या औषधांचा काही उपयोग नाही."

"मिस्त्री बोलवा," इन्साफ म्हणाली.

"चार स्क्रू आणि दोन वायरी. त्याला मिस्त्री कशाला?"

"हो, हो. मागे नळ दुरुस्त केलात तेव्हा खालच्यांच्या घरात पूर आला होता."

मी मंगळवारी पंखा बसवलाच. आमच्या बाथरूमची खिडकी इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये उघडते. त्या खिडकीवर फळी ठोकली, फळीला भोक पाडून त्यात पंखा घातला. पोरीला गार वारा लागू नये म्हणून फटी न् फटी बुजवली. दाराखालीसुद्धा रबराची पट्टी मारली. भिंतीवर गॅस गिझर होता, त्याच्या धुराचा पाइप वरच्या भोकातून त्याच डक्टमध्ये जायचा. तो तसाच ठेवला. वाफ भराभर बाहेर जायला लागली तेव्हा मी माझीच पाठ थोपटून घेतली.

त्या संध्याकाळी पंखा बंद होता.

तरी फिरत होता... हळूहळू... उलटा.

"वारा असेल," मी म्हणालो.

मग डक्टमधून आवाज आला. कोणीतरी पाइपावर ठोकत होतं.

ठक... ठक... ठक...

इन्साफ पांढरीफटक पडली. आवाज चौथ्या मजल्यावरून येत होता. आणि त्या घराला सहा वर्षं कुलूप आहे.

"तेव्हाही तुम्ही असंच काहीतरी म्हणाला होतात," ती म्हणाली.

तेव्हाचं सांगायलाच हवं. सहा वर्षांपूर्वी इब्तिसाम नावाची मुलगी नवरी होऊन वर आली. लग्नानंतरची पहिलीच सकाळ. ती अंघोळीला गेली, नवरा आत झोपलेला. आम्हाला पाइपावर ठोकल्याचा आवाज आला. इन्साफ म्हणाली, "वर जाऊन बघा हो, काहीतरी झालंय."

आमच्याकडे लग्नाच्या पहिल्या सकाळी नवरानवरीच्या दारावर कोणी थाप मारत नाही. माहेरचे पहिल्या सकाळचं खाण्याचं ताट घेऊन येईपर्यंत तर नाहीच नाही.

मी हसलो होतो. "आत्ता गेलो तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

तासाभराने वरून नवऱ्याची किंकाळी आली. गिझरच्या गॅसने इब्तिसाम गेली होती. मेंदीसुद्धा उतरली नव्हती हातावरची.

...आता तो गुरुवार.

लमया अंघोळीला गेली. आतून कडी लावली. गाणं गुणगुणत होती. मी बाहेरच्या खोलीत काजं करत होतो. किती दिवसांनी तिला गाण्याइतका दम पुरत होता!

थोड्या वेळाने लक्षात आलं... गाणारे आवाज दोन आहेत.

मग एकच उरला.

तो माझ्या मुलीचा नव्हता.

"लमया!"

पाण्याची धार चालू. पंख्याची घरघर चालू.

मी दारावर धडका मारल्या. खांदा सोलला. दार हलेना. इन्साफ जमिनीवर बसून दाराखालची पट्टी नखांनी उपटत होती. "या अल्लाह, माझं एकच आहे रे! एकच आहे!"

आणि पंखा थांबला.

वीज गेली नव्हती. आतला दिवा दाराच्या वरच्या काचेतून दिसत होता.

आतली कडी सरकली.

दार उघडलं. लमया उंबऱ्याशी पडली होती, टॉवेलात नीट गुंडाळलेली. गाल लालबुंद. श्वास नाहीच म्हणावा इतका. आत कोणी नव्हतं. मी तिला उचललं आणि तसाच अनवाणी टॅक्सी गाठली.

वाचली ती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला घरातली सगळी रचना विचारली आणि कपाळाला हात लावला. "पंखा हवा बाहेर फेकणार, पण नवी हवा आत यायला तुम्ही जागा कुठे ठेवलीत? मग त्याने ती गिझरच्या पाइपातून ओढली. त्या हवेबरोबर सगळा विषारी धूर आत."

म्हणजे तिचा श्वास वाचवायला निघालेल्या बापानेच...

पुढे लिहवत नाही.

शुद्धीवर आल्यावर लमया म्हणाली, "बाबा, कडी मी नाही काढली. ताईने काढली."

"कुठली ताई?"

"मेंदीवाली. मला ओढत दारापर्यंत आणलं. खूप खोकत होती बिचारी."

लमयाच्या दंडावर चार बोटांचे तांबूस डाग होते. साबणाने गेले नाहीत. मेंदीसारखे फिकट होत होत पंधरा दिवसांनी गेले.

नंतर मिस्त्री आला. गिझर बाल्कनीत गेला, खिडकी मोकळी झाली, पंख्याचा पाइप थेट गच्चीवर निघाला, दाराखाली हवेला फट ठेवली. लमया आता आडवी झोपते.

इन्साफने मधात भिजवलेली फतीर, आमच्याकडची पापुद्र्यांची पोळी, केली, ताटावर रुमाल घातला. "पहिल्या सकाळचं ताट राहिलंय तिचं," म्हणाली. "देऊन या."

भर दुपारी वर गेलो. दाराला बाहेरून कुलूप, त्यावर बोटभर धूळ. किल्ली घरमालकाने आमच्याकडेच ठेवलेली, माझ्या खिशात होती.

मी दार वाजवलं.

"इब्तिसाम, पोरी... माफ कर. त्या दिवशी मी यायला हवं होतं. तू माझी लेक परत दिलीस. सांग, तुझ्यासाठी काय करू?"

मी दाराला कान लावला.

मग अगदी दाराला लागून कोणीतरी खोकलं...

"काका... उघडा ना. श्वास घेता येत नाहीये."

ताट हातातून सुटलं. मी जिना उतरत पळालो. घरात शिरलो, दार लावलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिलो.

किल्ली अजून माझ्याकडेच आहे, आणि ते दार मी उघडलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी निदान 'मला माहीत नव्हतं' असं म्हणता तरी येत होतं.